कुणी घेणार नाही असा आकडा

त्र्याहत्तरच्या गणपतीत, तालमीच्या नव्या पत्र्यासाठी, तिथल्या कार्यकर्त्या बाळासोनं शिलाई मशीनची सोडत काढली. धोंडुबाईनं त्याला पाण्याच्या नळावरच गाठलं. नियम साधा होता. रुपयाला एक चिठ्ठी, तिच्यावर एक ते शंभरातला मनचा आकडा घालायचा. जो आकडा निघेल त्याची मशीन.

"आणि दोघातिघांनी एकच घातला तर?"

"मग मशीन विकायची, पैसं वाटून घ्यायचं, काकी."

धोंडुबाईला पैसे नको होते, मशीनच हवी होती. तिची सून हौसा शिवणकाम शिकली होती, पण शिवायची चार गल्ल्या पलीकडं, परक्याच्या मशीनवर. निम्मी शिलाई त्या मालकिणीच्या पदरात, वर तिची बोलणी. हौसाला बोलायचा हक्क धोंडुबाईच्या मते या जगात एकाच बाईला होता, आणि ती बाई चार गल्ल्या पलीकडं राहत नव्हती.

शाळा तिनं दुसरीतच सोडली होती, पण लग्नाबारशातले आहेर जन्मभर बघितले होते. अकरा, एकवीस, एक्कावन्न. वरचा एक रुपया ठेवल्याशिवाय कुणाचा हात पाकिटातनं बाहेर येत नाही. शेवटी शून्य आलेला आकडा म्हणजे अवलक्षण. मग तो घालणार कोण? तिनं साठ घातला.

एवढ्यावर गप्प बसली असती तर ती धोंडुबाई कसली! दुसऱ्या दिवशी शेजारची बयाबाई नळावर म्हणाली, "मी एकवीस घालणार हाय, आक्का."

"घाल की! निम्मी गल्ली तेच घालतीया. मशीनचं चाक तेवढं येईल तुझ्या वाट्याला. अगं, शून्याला कोण हात लावत न्हाय. साठ घातलाय म्या, साठ! डोकं लागतंय त्याला."

सोडतीच्या संध्याकाळी तालमीच्या वस्तादांनी शंभर आकड्यांच्या डब्यात हात घालून आकडा काढला. साठ! धोंडुबाई पदर खोचून उठली. तेवढ्यात बाळासोनं चिठ्ठ्या चाळून पुकारलं, "साठवाली तीन माणसं. धोंडुकाकी, बयाकाकी आणि म्हशीवाला आकाराम."

"बये, माझाच आकडा घातलास?"

"डोकं लागतंय म्हणालासा. माझ्याजवळ न्हवतं, तुमचं घेतलं."

मंडप हसून लोळला. आकाराम म्हणाला, "मी तळ्यावर म्हशी धूत हुतो, आक्का. तुमचा आवाज पार रंकाळ्यापतोर येतोय."

बाळासो मशीनचा लिलाव पुकारायला उभा राहिला. धोंडुबाईनं या दोघांकडं त्यांचा वाटा मागायला हवा होता. पण ज्यांना आजवर टोमण्याशिवाय काही दिलं नाही, त्यांच्यापुढं हात कसा पसरायचा?

"थांबा, भावजी." बायकांतनं हौसा उठली. कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "बयाकाकी, वरीसभर तुमच्या घरचं सगळं शिवून दीन. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या. शिलाई घेणार न्हाय. आकारामदादा, तुमचं बी. मशीन तेवढी आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"चार पोरी हायत माझ्या," आकाराम डोकं खाजवत म्हणाला. "दमशील, बाई."

"दमू द्या की."

आकारामनं मान डोलावली. बयाबाईनं मात्र हौसाकडं बघितलंच नाही. ती धोंडुबाईकडं बघत होती. "सून बोलली. सासू काय म्हणतीया?"

धोंडुबाईनं एकदा सुनेकडं बघितलं. आपण हिच्यासाठी एवढा आकडा शोधला, पण हिला एकदाही काही विचारलं नाही, हे तिला आत्ता उमगलं.

"सासू म्हणतीया, दे की, बये. मागतोय न्हवं आम्ही."

असला शब्द तिच्या तोंडून गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला. बयाबाईनं जरा वेळ लावला, मुद्दामच लावला. मग म्हणाली, "न्या."

आकारामनं मशीन खांद्यावर घालून घरी आणून दिली. हौसानं दोरा ओवला. बयाबाई खणाचं कापड घेऊन दारात हजरच होती, आणि तिच्यामागं आकारामच्या चौघी.

"आत्ती, आदी कुणाचं घिऊ?"

"बयीचं घे. मग ह्या पोरींचं. माझं सगळ्यात मागनं." धोंडुबाईनं दिवा मशीनजवळ सरकवला. "आणि टाका नीट घाल, भवाने. तिघांची मशीन हाय ती."