भरून ठेवलेली बॅटरी

३.३३. ३.३३. ३.३४. ३.३३.

झोपेत श्वास थांबणे : तासाला एकेचाळीस वेळा.

सीटच्या पाठीवर कंपासच्या टोकाने कोरलेलं : सुयश गप बस.

व्हॅसलीनची डबी, अर्धी संपलेली. घरात कुणाचेही ओठ फुटलेले नाहीत.

"दाजी, कॅम्पर घेतली म्हणं तुम्ही. येताना दोन पोती सरकी टाका मागं. जागा लई असती तिच्यात."

*

शिवशंकरने मल्टीमीटरच्या सुया चौथ्या सेलवरून उचलल्या आणि व्होल्टचा आकडा वहीत लिहिला. व्हॅनच्या पायरीवर बसून मंजुळाबाई लसूण सोलत होती. तिने विचारलं, झालं का. तो म्हणाला, अजून एक टेस्ट राहिलीय.

"काल बी एकच राह्यली व्हती," मंजुळाबाई म्हणाली.

ती व्हॅन एका शाळेने काढून टाकलेली होती. हडकोतल्या त्यांच्या रो-हाउससमोर, लिंबाखाली, ती सहा महिने उभी होती. शिवशंकरने आतल्या सीट काढल्या, एक तेवढी ठेवली. बाकीच्या जागेत फळ्यांचा पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनल. पुण्याहून मुलगी अक्षदा फोनवर फोटो बघून म्हणाली, अय्या, कॅम्पर. तिनेच ते मामाला सांगितलं. मामा, म्हणजे मंजुळाबाईचा धाकटा भाऊ कडुबा, कन्नडच्या बाजूला मेंढरं घेऊन फिरत होता. त्या बाजूला कॅम्पर म्हणजे डबल केबिनची, मागे हौदा असलेली जीप. म्हणून सरकी. त्याचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

पिवळा रंगही तसाच राहिला. मंजुळाबाई म्हणाली, राहू द्या, लांबून दिसतो.

*

तिने ते एकदाच बोलून दाखवलं होतं. दसऱ्याच्या आधी, कणीक मळता मळता. कडुबाचा मुलगा वाळूजला कंपनीत लागला होता आणि मेंढरांमागे फिरायला आता कुणी उरलं नव्हतं. होळी झाली की कडुबा घाट उतरून खानदेशात जाणार, पावसाच्या तोंडावर परत येणार आणि मग कळप विकून टाकणार. हे शेवटचं वर्ष. तर घाट उतरायच्या आधी आठ दिवस आपण त्यांच्यात जाऊन राहावं, असं तिच्या मनात होतं. एवढं बोलून तिने कणकेवर ताट झाकलं.

अडचण मशीनची होती. झोपेत तिचा श्वास थांबतो, म्हणून ते रात्रभर तोंडावरच्या मास्कमधून तिला हवा देतं. त्याशिवाय एक रात्रही काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कडुबाचा मुक्काम म्हणजे कापणी झालेलं कुणाचं तरी शेत. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो, दोन-तीन रात्री, मग पुढचं शेत. तिथे वीज कुठली.

शिवशंकर त्याच संध्याकाळी म्हणाला होता, "बॅटरी मी बनवतो. त्यात काय."

खरंच, त्यात काय. सिल्लोडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं तो बॅटरी रूम सांभाळत होता. चोवीस सेल, प्रत्येक गुडघ्याएवढा, ॲसिडने भरलेला. रोज सकाळी आकडे घ्यायचे, डिस्टिल्ड पाणी घालायचं, टोकांना व्हॅसलीन लावायचं. त्याच्या सगळ्या शर्टांना बारीक भोकं होती. लाइट गेली की तालुक्याचे फोन त्या बॅटरीवर चालायचे, आणि लाइट जाईपर्यंत तिने भरून तयार राहायचं, हाच तिचा धंदा. वहीत शेऱ्याचा एक रकाना असायचा. शिवशंकरने त्यात सत्तावीस वर्षं एकच शब्द लिहिला : ठीक.

स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशी साहेबांनी नारळ दिला. वही मागितली नाही. ती घरी आली.

*

लिथियमचे सेल वेगळे निघाले. पुस्तकाएवढे, निळे, पाणी न मागणारे. त्याने आठ मागवले. व्हिडिओ बघून तांब्याच्या पट्ट्या कापल्या, दोन-दोन सेलच्या मधे पातळ फायबरच्या चकत्या घातल्या, वर राखणीचा बोर्ड बसवला. कुठलाही सेल जास्त भरला किंवा फार उतरला तर तो बोर्ड सगळंच तोडून टाकतो. मशीन चाळीस वॅटचं. चार सेलची एक बॅटरी त्याला तीन रात्री पुरली असती.

त्याने दोन बॅटऱ्या केल्या. एक कामाची. दुसरी तयारीची, पहिली बंद पडलीच तर.

कामाच्या बॅटरीवर तो रोज टेबलफॅन लावून ती उतरवायचा, पुन्हा भरायचा, आकडे लिहायचा. तयारीच्या बॅटरीवर त्याने कसलाच लोड टाकला नाही, पंखासुद्धा नाही. ती दिवाळीपासून चार्जरवर होती. चार्जरचा हिरवा दिवा सकाळी बघायचा, संध्याकाळी बघायचा. लिथियमच्या टोकांना गरज नसताना त्याने व्हॅसलीनही लावलं.

डिसेंबरमध्ये मंजुळाबाईने लोकरीची दोन घोंगडी उन्हात टाकली. जानेवारीत परत घडी घातली. कडुबा फोनवर सांगायचा, आता पिशोरच्या पुढं हावं, आता नदीच्या काठाला. ती नुसतं हं म्हणायची. शिवशंकर व्हॅनमध्ये असायचा.

*

होळीला नऊ दिवस राहिले असताना तयारीच्या बॅटरीच्या पेटीचं झाकण बसेना.

त्याने ते उचलून पाहिलं. चार सेलपैकी दोन मधोमध फुगले होते, पोटात वारा धरल्यासारखे. त्याने हात लावला, काढून घेतला. मग चार्जर बंद केला, पेटी पोत्यात गुंडाळली, स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि मंजुळाबाईला काही न सांगता मुकुंदवाडीला गेला.

मुकुंदवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये रत्नमाला ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करते. नवऱ्याची रिक्षा तीनदा बंद पडली तेव्हा ती स्वतः शिकली. तिने पोतं उघडलं, बोटाने फुगवटा न दाबता नुसता बघितला आणि विचारलं, किती दिवस चार्जरला होती.

"दिवाळीपासून. काढलीच नाय."

"लोड किती देत होता?"

"लोड कशाला? ही तयारीची हाये."

मागे एक रिक्षावाला बिडी ओढत बसला होता, तो हसला.

"काका, तुम्ही बॅटरी नाय बनवली. देव बसवलाय," रत्नमाला म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ दिवा बघायचा आन् हात नाय लावायचा. इसको ऐसा बिठाके रखे तो फूलतीच. ॲसिडवाली भरून ठेवली तर टिकते. ही वापरायची, नायतर निम्मी ठेवायची. भरून ठेवली की बसल्या जागी मरती."

त्याने विचारलं, दोन फळ्यांत दाबून सरळ होईल का. ती म्हणाली, पेटवायची असंल तर दाबा. फुगलेले दोन्ही सेल तिने वाळूच्या बादलीत ठेवले आणि नवीन यायला तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं.

हे व्हिडिओत सांगितलेलं होतं. शिवशंकरला ते आठवतही होतं. पण तो व्हिडिओवाला तरुण होता, त्याच्या शर्टाला एक भोक नव्हतं, म्हणून शिवशंकरने ते वाक्य सोडून दिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने सांगितलं. तीन आठवडे म्हणाला. मंजुळाबाईने हिशेब केला नाही, तो करायची गरजच नव्हती. तीन आठवड्यांनी कडुबा घाटाखाली असणार होता.

"कामाची चांगली हाये ना?" तिने विचारलं.

"हाये."

"किती रात्री चालंल?"

"तीन. पण तयारीची नसताना..."

"दिवसा उन्हावर भरती म्हणलावता."

"भरती. ऊन पडलं तर."

"मार्चात ऊन नाय पडायचं व्हय?"

त्याने पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडे सरकवला आणि म्हणाला, रात्री मधेच बंद पडलं तर काय करायचं, रानात कुणाला हाक मारायची.

"मशीन यायच्या आधी काय व्हतं?" मंजुळाबाई म्हणाली. "चार वर्षं तुम्हीच हलवीत व्हता ना मला? मला ठावं नाय का?"

तिला माहीत नाही असंच शिवशंकर धरून चालला होता. चार वर्षं तो कुशीवर पडून ऐकत राहायचा. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजायचे, बारा, तेरा, चौदा, आणि तिच्या खांद्याला हात लावायचा. ती कूस बदलायची, श्वास पुन्हा सुरू व्हायचा. सकाळी सिल्लोडच्या बसमध्ये तो उभ्या उभ्या पेंगायचा. तिला त्याने कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून, तेव्हाही म्हणाला होता, अलीकडेच.

"तयारीची नाय म्हणता," मंजुळाबाई त्याच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली. "तुम्ही हायेत की."

दुपारी तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. व्हॅनचं दार ओढून घेतलेलं होतं. आत पलंगावर मंजुळाबाई तोंडाला मास्क लावून झोपली होती, मशीन कामाच्या बॅटरीवर लावलेलं, वायर अगदी बरोबर जोडलेल्या. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. ती जागी झाली नाही.

*

कडुबा रस्त्यावर येऊन जीपची वाट बघत होता. शाळेची पिवळी व्हॅन समोर थांबली तेव्हा तो बाजूला सरकला, तिला पुढे जाऊ द्यायला.

"ही कॅम्पर?" तो म्हणाला. "आक्का, ही तर लेकरांची गाडी."

मंजुळाबाई म्हणाली, सरकी पलंगाखाली हाये, दोन पोती, उतरून घे. ती त्याच्या खांद्याला धरून खाली उतरली आणि धाप लागली म्हणून जरा थांबली. शेतात जाळीच्या वाघुरीत मेंढरं दाटून उभी होती. ती सरळ तिकडे गेली.

*

वहीचं पान :

पहिली रात्र.
९ वाजता, १३.३. मशीन लावलं. ठीक.
११ वाजता, १३.३. ठीक.
१ वाजता, १३.२. ठीक. कुत्री भुंकत होती.
३ वाजता, १३.२. ठीक. मंजुळा झोपेत हसली.
५ वाजता, १३.२. ठीक.
दिवसभर ढग. भरली नाही.

दुसरी रात्र.
९ वाजता, १३.२. ठीक.
१२ वाजता, १३.१. ठीक.
३ वाजता, १३.१. कडुबा जागा होता. म्हणाला, दाजी, मेंढराला बी एवढं कुणी बघत नाय. चहा दिला.
दिवसभर ढग. गाडी चालू करून भरावी म्हटलं तर मंजुळा म्हणे मेंढरं बुजतील.

तिसरी रात्र.
९ वाजता, १३.०. ठीक.
१० वाजता, १३.०.

*

त्यापुढे त्या रात्रीचं काही लिहिलेलं नाही.

मंजुळाबाई फटफटीत उजाडल्यावर उठली. मशीन चालू होतं. शिवशंकर व्हॅनच्या पायरीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं, पेन्सिल मांडीवर, मीटर पायाशी. ती किती तरी वेळ त्याच्या श्वासाकडे बघत राहिली. तो नीट चालला होता.

तिकडे बिऱ्हाड निघायची घाई होती. घाटाच्या तोंडाशी पुढचं शेत ठरलं होतं. बायका घोड्यावर सामान लादून पुढे निघतात, मेंढरं मागून येतात. भावजय सरूबाई गाठी आवळत होती. कडुबा दाजींना उठवायला आला, तेव्हा मंजुळाबाईने हातानेच त्याला परतवलं.

"निजू द्या. उठले की गाडी घिऊन येतील मागनं," ती म्हणाली.

तिने एक घोंगडं शिवशंकरच्या पायांवर टाकलं. मीटर उचलला, त्याला करताना रोज बघितलं होतं तशा दोन्ही सुया लावल्या, आणि वहीत आकडा लिहिला. १२.९. अक्षर मोठं, वाकडं आलं. शेऱ्याचा रकाना तिने मोकळा ठेवला.

मग ती सरूबाईजवळ गेली. घोड्याच्या पाठीवर भांडी, गोधड्या, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. तिने कासरा मागून घेतला. सरूबाई म्हणाली, आक्का, झेपंल का. मंजुळाबाई म्हणाली, थांबत थांबत जाऊ. त्या बांधावरून निघाल्या. मागून वाघूर सुटली, मेंढरं त्यांच्या मागे लागली, आणि थोड्या वेळाने त्या शेतात पिवळी व्हॅन आणि तिच्या पायरीवर झोपलेला माणूस, एवढंच उरलं.

*

लग्न झालं तेव्हा मंजुळाबाई एकोणीस वर्षांची होती, आणि पावसाळे सोडले तर तोवर ती एका जागी सलग पाच रात्री कधी झोपलेली नव्हती.