मागच्या सीटसाठी केलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. अगदी खरे सांगायचे तर सायकलीची फ्रेम आहे. चाके बदलली, हँडल बदलले, चेन किती वेळा बदलली ते मलाच आठवत नाही. पण पोलादी नळ्यांचा हा सांगाडा पहिल्या दिवसापासून तोच आहे. बाकीचे सगळे येणारे-जाणारे पाहुणे. हे मी जरा तोऱ्यात सांगते आहे, तेवढे चालवून घ्या. तोऱ्याखेरीज माझ्याजवळ आता फारसे काही उरलेले नाही.

दुकानात एका रांगेत टांगलेल्या सायकलींसारखी मी नव्हे. मला मापे घेऊन बनवले. एका अरुंद गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली माझ्या कारागिराची खोली होती. कारागीर उंच आणि मोजके बोलणारा. तो आधी गिऱ्हाइकाची मापे घेई, मग नळ्या कापून लोखंडी साच्यात घट्ट अडकवी, आणि त्या जोडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावून त्याच्या हातात खडू देई.

"काय काय बसवायचं ते आत्ता दाखवा," तो म्हणे. "कॅरिअर, दिवा, बाटली, पंप, जे हवं ते. एकदा रंग चढला की संपलं. मग साधा एक कान जोडायचा म्हटलं तरी आग लावावी लागते, आणि रंग जळून जातो."

कान म्हणजे नळीला जोडलेला, भोक असलेला छोटा तुकडा. त्यात बोल्ट पिळून बाकीचे सामान बसवतात. कारागीर त्याला कान म्हणे, म्हणून मीही म्हणते.

मला बनवून घेणारा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत तो दिवसभर विचारत असे, "आता कसं दिसतंय? हे बरं की आधीचं?" खडूच्या दिवशी तो बायकोला आणि मुलीला घेऊन आला. मुलगी आठेक वर्षांची, चौकस डोळ्यांची. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय अधू झाला होता, म्हणून काखेत कुबडी. बापाचा तिच्यावर भारी जीव. माझा सगळा घाट तिला शाळेत नेण्यासाठीच घातलेला होता.

"मागे हिची सीट," तो खुणा करू लागला. "सीटला टेकायला पाठ हवी, म्हणजे इथे दोन कान आणि इथे दोन. पाय ठेवायला दोन्हीकडे पट्टी, पण चाकापासून लांब. आणि कुबडीसाठी या नळीवर दोन चिमटे."

खिशातून टेप काढून त्याने कुबडी मोजली. चिमट्यांना आतून चामडे लावायचे की रबर, यावर दोघांची चर्चा चांगलीच रंगली. शेवटी रबर ठरले, कारण चामडे भिजले की आखडते. पाठ किती कलती असावी हे पाहण्यासाठी बापाने स्वतः एका स्टुलावर उलटे बसून दाखवले.

दारात उभी असलेली आई म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी टेकायला पाठ दिली नाहीत ती!" सगळे हसले. मीही हसले असते, पण तेव्हा माझे नुसते तुकडे साच्यात अडकवलेले होते.

तेवढ्यात मुलीने बाकावरचा दुसरा खडू उचलला. सीटखालच्या उभ्या नळीवर, बरीच खाली, तिने एक रेघ ओढली.

"दांडी इथे आली तर?" तिने कारागिराला विचारले. "मग पाय उंच न करता चढता येईल ना? आणि एका पायानं पायडल मारता येतं का हो काका?"

"येतं की. पायाला पट्टा लावला तर येतं," कारागीर म्हणाला. "दांडी खाली घेऊन दोघांना चालेल अशीही करता येईल. मागचं वजन मात्र मग कमी ठेवावं लागेल."

"अगं वेडाबाई, तुला कशाला ती यातायात? मी आहे ना!" बाप हसत म्हणाला. "तू आपलं राणीसारखं मागे बसायचं." आणि रुमाल काढून त्याने ती रेघ पुसून टाकली.

कारागिराने मुलीकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि ज्योत पेटवली. लोकांच्या घरच्या गोष्टीत तोंड घालणे त्याला आवडत नसे. माझी दांडी वरच जोडली गेली. एकेक कान जोडून झाला, कानशीने घासून झाला, आणि मग माझ्यावर गडद निळा रंग चढला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या कौतुकाची होती. रस्त्यात माणसे थांबवून विचारत, "ही कुठून आणलीत हो?" बाप खाली उतरून एकेक वस्तू दाखवी. ही पाठ, ही पट्टी, हे चिमटे. मुलगी मागे बसूनच असे. ती लोकांकडे पाहत नसे. शाळा, वाचनालय, दवाखाना, सुटीच्या दिवशी नदीचा बांध, सगळीकडे आम्ही तिघे जात असू. बांधावर पोचलो की ती बापाच्या पाठीला गाल टेकवून काहीबाही गुणगुणत बसे. ते ऐकायला मला फार आवडायचे.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. बाप पायडल मारू लागला की मागे तिचा उजवा पाय पट्टीवर त्याच तालात दाबला जाई. चढ आला की जोरात, उतार आला की हलका. घंटी वाजवत तिच्या वर्गातल्या मुली आम्हाला मागे टाकून जात, तेव्हा तर तो पाय पट्टीवर इतका रेटला जाई की बोल्ट कुरकुरत. बापाला वाटे, पट्टी सैल झाली. घरी आल्यावर तो पाना आणून बोल्ट आणखी आवळी. मला बोलता येत नाही याचे दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झाले.

मुलगी मोठी झाली. कॉलेजात गेल्यावर एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून बसनं जाईन." बाप म्हणाला, "का गं? काही चुकलं का माझं?" ती म्हणाली, "नाही रे. मोठी झाले आता." त्या दिवसापासून बाप एकटाच माझ्यावरून दुकानात जाऊ लागला. मागची सीट रिकामी, तरी दर रविवारी तो ती पुसायचा. बोल्टकडे मात्र त्याचे लक्ष गेले नाही. आत गंज धरत गेला.

पुढे मुलगी नोकरीला लागली. एका दुपारी बाप जेवून जरा आडवा झाला होता, आई शेजारी गेली होती. मुलगी अंगणात आली. कुबडी भिंतीला टेकवून तिने माझे हँडल धरले, अधू पाय हाताने उचलून दांडीवरून पलीकडे नेऊ लागली. पाय दांडीला अडला. तिने पुन्हा उचलला. मी कलंडले आणि तिच्यासकट दगडी फरशीवर आदळले. तिचे कोपर फुटले आणि उजवा गुडघा माझ्याखाली सापडला. आवाजाने बाप धावत बाहेर आला.

"अगं, हे काय करत होतीस?"

"चालवत होते," ती फरशीवर बसूनच म्हणाली.

"मला सांगायचंस! मी नेलं असतं."

"मला न्यायला नको होतं, बाबा. मला चालवायची होती. लहानपणापासून."

बाप तिच्याशेजारी खाली बसला. "मला वाटलं, तुला मागे बसायला आवडतं."

"तुला वाटलं," ती म्हणाली. "मला विचारलंस कधी?"

दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन कारागिराकडे गेला. कारागीर आता थकला होता, पण हात चालू होता. "ही दांडी कापून खाली घ्या," बाप म्हणाला. कारागिराने माझ्यावरून हात फिरवला. "मागचा सगळा ताण हिच्यावर आहे. ही कापली तर सायकल डुलायला लागेल. हे जोडायच्या आधी करायचं काम होतं. आता तिच्यासाठी वेगळीच करू. तिला मापाला घेऊन या."

बाप खुशीत घरी आला. मुलगी तेव्हा डॉक्टरांकडून परतली होती. पडल्यापासून तिचा गुडघा सुजला होता. "फोटो काढला," ती म्हणाली. "उजवा गुडघा आधीच झिजलाय. इतकी वर्षं सगळा भार त्याच्यावरच होता ना. एका पायावर सायकल आता कधीच नको म्हणाले." आत जाऊन बापाने तोंडावर पाणी मारले आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढला नाही.

पुढच्या रविवारी मुलगी बाहेर गेली असताना तो पाना घेऊन माझ्यापाशी आला. "या सीटनंच घात केला," तो पुटपुटला. बोल्ट गंजून घट्ट बसले होते. आधी तेल सोडून थोडे थांबायला हवे होते, पण त्याला धीर नव्हता. त्याने पान्यात पाइप घालून सगळा जोर लावला. एकेका बोल्टचे डोके मोडले आणि उरलेला तुकडा माझ्या कानात अडकून राहिला. मला फार दुखले. पण त्याचे डोळे पाहिल्यावर मी माझे दुखणे विसरले. सीट, पाठ, पट्ट्या, चिमटे, सगळे त्याने गल्लीत आलेल्या भंगारवाल्याच्या गाडीवर टाकले.

संध्याकाळी मुलगी परत आली. अंगणात थबकली.

"बाबा, सीट कुठे गेली?"

"काढून टाकली. तुझ्या डोळ्यांसमोर नको ती. तुला कुठे आवडायची!"

"असं मी कधी म्हटलं?" तिचा आवाज चिरकला. "मला चालवायचीही होती, आणि तुझ्यामागे बसायलाही आवडायचं. दोन्ही होतं, बाबा. आता बांधापर्यंत पायी जाववत नाही मला. आज तुला म्हणणार होते, एकदा घेऊन चल."

बाप तसाच अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. गाडी केव्हाच निघून गेली होती. परत येऊन त्याने माझ्या बुजलेल्या कानांवरून बोट फिरवले. आता तिथे काही बसवायचे तर पुन्हा आगीतूनच जावे लागणार होते, आणि माझ्या जुन्या नळ्या ती आग सोसतील की नाही, हे मलाही सांगता येत नव्हते. तो पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने विचारले, "आता तूच सांग. तुला काय हवंय?"

त्याने खरोखर विचारले आणि तो थांबला. मुलगी त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "मला नाही सांगता येत, बाबा. सवयच नाही."

मित्रांनो, सायकलीला तेल घाला, तिला पावसात ठेवू नका, हे तुम्हाला घरची मोठी माणसे सांगतीलच. माझी विनंती निराळी आहे. माझ्याइतक्या मायेने बनवलेली सायकल मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि त्या मायेत एवढीच एक गोष्ट राहून गेली. तुम्ही कुणासाठी काही करायला निघालात, तर आधी त्याला विचारा. आणि वेळेवर विचारा, त्याला उत्तर देता येते आहे तोवर.