चार नंबरचा हात

जहाजाच्या चार नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कोठारात, पाण्याचा झोत डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्याकडे वळला की वर डेकवर उभे असलेले नोंग तेरिओ हात उंच करायचे. खाली खलाशी ओबेट झडप बंद करायचा. मग नोंग हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, चौकटीवरून आत वाकून प्लायवुडची एक छोटी फळी चौकटीच्या आतल्या अंगाला लावायचे आणि दोन क्लँपनी आवळायचे. या सगळ्याला साधारण चाळीस सेकंद लागत. मी एकदा मोजले होते. मग हात खाली यायचा आणि तोफ पुन्हा सुरू व्हायची.

जहाजाचे होल्ड धुण्याच्या त्या यंत्राला आम्ही सगळे तोफच म्हणतो. ती तिपाईवर उभी असते. पंपातून आलेलं समुद्राचं पाणी आणि काँप्रेसरची हवा तिच्यात एकत्र होतात आणि दाब सात बारच्या आसपास असला तर झोत तीस मीटरवरची भिंत खसखसून धुतो. माणूस मध्ये आला तर सरळ आडवा होतो. अशा यंत्रापुढे वीतभर फळी कशासाठी, हे मला कळेना. जहाजावर आले त्याच महिन्यात मी ओबेटला विचारलं, "तिथे आहे तरी काय?"

"बोसनची बायको," तो म्हणाला आणि त्याने झडप उघडली.

नोंग तेरिओ आमचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. गिमारास बेटावरचे. आमच्या भागात वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणतात, म्हणून मी थर्ड मेट, म्हणजे त्यांच्यावरची अधिकारी, असून त्यांना नोंग म्हणायचे, आणि ते मला हुकूम मागतानाही इंदाय, म्हणजे पोरी, म्हणायचे. त्यांच्या बायकोची गोष्ट मला पुढे त्यांनीच सांगितली, तीही अर्धी हसत.

अडीच वर्षांपूर्वी आमचं हे जहाज, 'सांता इनेस', सोयापेंड उतरवायला मारिवेलेसला लागलं होतं. मायदेशातलं बंदर, म्हणून घरच्यांना जहाजावर यायची परवानगी मिळाली. पुरिता दोन बोटी आणि एक बस बदलून आली. बरोबर आंब्यांची पेटी आणि सुकी मासळी. चार नंबर रिकामा झाला होता आणि हॅचच्या चौकटीला त्याच सकाळी करडा रंग लावला होता. होल्ड किती खोल असतो ते बघायला ती चौकटीवरून वाकली, तोल सांभाळायला तिने हात आत टेकला आणि तो ओल्या रंगात उमटला.

"मी सगळ्यांसमोर ओरडलो तिच्यावर," नोंग म्हणाले. "ओल्या रंगाला हात लावतात का म्हणून. तर ही बया म्हणते, कोरडा झाला की सांग, परत लावते."

तो हात तसाच वाळला. बोटं खालच्या दिशेने, करंगळी जराशी वाकडी, कारण लहानपणी ती होडीच्या दांड्यात सापडली होती. पुढल्या वर्षी नोंग याच जहाजावर भर समुद्रात असताना पुरिता गेली. जवळचं बंदर नऊ दिवसांवर होतं. ते घरी पोचले तेव्हा मातीवर गवत उगवायला लागलं होतं. तीन महिने ते घरी राहिले आणि मग कंपनीकडे हेच जहाज मागितलं. 'सांता इनेस' कुणी मागून घेत नाही. पंप जुने, स्वयंपाकघरातला पंखा आवाज करतो. ऑफिसातल्या बाईने दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे.

आता त्यांचे नऊ महिने संपत आले होते. आम्ही कोळसा उतरवून गहू भरायला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलो होतो. कोळशानंतर गहू म्हणजे सगळ्यात कठीण धुणं. धान्याच्या होल्डमध्ये कोळशाचा कण नको, मीठ नको, गंजाची किंवा रंगाची सुटी खपली तर नकोच नको. दहा दिवस आम्ही सातही होल्ड धूत होतो. आधी तोफेने समुद्राचं पाणी, मग साबण, मग पुन्हा समुद्राचं पाणी, शेवटी गोडं पाणी. मंगळवारी होल्ड तपासायला इन्स्पेक्टर येणार होता. पास झालो तर जहाज लगेच धक्क्याला लागणार आणि नोंग गुरुवारी विमानात बसणार. नापास झालो तर रांगेतला नंबर जाणार आणि दहा-बारा दिवस बाहेर नांगर टाकून राहावं लागणार.

आणि शनिवारी पुरिता गेल्याला वर्ष पुरं होत होतं. त्या दिवशी आमच्याकडे प्रार्थना होते, जेवण होतं आणि सुतक उतरवतात. नोंग नऊ महिने बॉयलरसूटच्या आत, बनियनला, छोटी काळी पिन लावून होते. घरी त्यांची मुलगी निल्दा काळ्या कपड्यांत होती. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "ताताय, तुम्ही आल्याशिवाय मी काळं उतरवणार नाही. मग वर्ष होवो की दोन."

सोमवारी दुपारी मी माझी फेरी सुरू केली. मी आधी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि मग नाविक शाळेत गेले, म्हणून मिठाची तपासणी आपसूक माझ्या गळ्यात पडली होती. काम सोपं आहे. भिंतीवर गोड्या पाण्याचे थेंब सोडायचे, ते बाटलीत गोळा करायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं. सहा होल्ड स्वच्छ निघाले. चौथ्यातही सगळीकडे पाणी काचेसारखं राहिलं. शेवटी मी हॅचच्या चौकटीवरून वाकून त्या हाताजवळचा थेंब घेतला, खरं सांगायचं तर उगाच, यादी पूर्ण व्हावी म्हणून.

बाटली पांढरी झाली.

मी नखाने हळूच टिचकी मारली. टण् असा आवाज यायला हवा होता, तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आला. रंग आतून सुटला होता. बोटभर अंतरावर बाकीची चौकट नव्यासारखी होती.

"नोंग, जरा इकडे या."

"काय गं इंदाय, झुरळ सापडलं?"

मी बाटली दाखवली.

"दूध," ते म्हणाले.

"मीठ आहे."

"अगं बाई! समुद्रावर मीठ सापडलं. एवढ्यासाठी बापाने कॉलेजात घातलं होय तुला?" मग बाटलीतलं पाणी कुठलं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. वाकून त्यांनी नेहमीसारखा स्वतःचा पंजा त्या पंज्यावर ठेवला. काढला तेव्हा अंगठ्याच्या जागची नखाएवढी खपली त्यांच्या हाताला चिकटून आली.

तोफेच्या नळ्या गुंडाळत असलेला ओबेट खालून ओरडला, "बोसन, झाकण लावायचं का?"

"तुझ्या तोंडाला लाव!" नोंग ओरडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इन्स्पेक्टर इथेच बघेल असं कुठे आहे?"

"हातोडी घेऊन येतात ते. आणि डेकवर उभं राहिलं की आधी चौकटच दिसते."

"फळी राहू दे म्हणजे."

"फळी कशाला म्हणून पहिल्यांदा तीच काढायला लावेल."

"मग करू दे नापास. राहील जहाज बाहेर. मला कुठे लग्नाला जायचंय?"

"शनिवारी चौदा तारीख आहे, नोंग."

"कॅलेंडर माझ्याही केबिनमध्ये आहे."

ते चौकटीवर कोपरं टेकून होल्डमध्ये बघत राहिले. सतरा मीटर खाली धुतलेला तळ चमकत होता. मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले, "एक सांग. तू शिकलेली आहेस. सगळी चौकट धड आहे. इथेच का सुटला रंग? मी तर इथे झोत कधी लागू दिला नाही."

हेच त्यांनी विचारू नये असं मला वाटत होतं. मी म्हणाले, जुना रंग आहे, कधीतरी सुटणारच.

"इंदाय, मी तीस वर्षं रंग लावतोय."

मग मी सांगितलं. झोत फळीवर आपटला की समुद्राचं पाणी फटीतून मागे शिरायचं. शेवटी गोडं पाणी मारतानाही फळी तशीच असायची. सगळ्या चौकटीवरचं मीठ दर वेळी धुऊन निघायचं, फक्त इथलं राहायचं. हात टेकला तिथे रंग दाबला जाऊन पातळ झाला होता, त्यामुळे मीठ आणि दमट हवा आधी तिथूनच आत गेली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मी बाटलीचं झाकण लावलं.

"नऊ महिने मी तिला मिठात घालून ठेवली. सुक्या मासळीसारखी." आणि ते खरोखर हसले, खांदे हलेपर्यंत. मग त्यांनी नाक पुसलं. "पुट्टीची पाती आण. नवी आण, धार असलेली. आणि खाली कापड धरायला त्या तोंडाळाला वर बोलाव."

ओबेटने दोन्ही हातांनी चादर धरली. एरवी त्याची जीभ पाच मिनिटं शांत राहत नाही. नोंग चौकटीवर पोट टेकून वाकले आणि पाती रंगाखाली सरकवली. रंग तुकड्यांनी आला. तळवा तर भुगाच होऊन आला. तर्जनीचे दोन तुकडे झाले. शेवटी त्यांनी श्वास रोखून पाती फार हळू फिरवली आणि एक लांबट तुकडा अख्खा सुटून त्यांच्या बोटांत आला. किंचित वाकडा.

"करंगळी," ओबेट म्हणाला.

उरलेली जागा नोंगनी तारेच्या ब्रशने घासली, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. मग गोड्या पाण्याने धुतली, एकदा नाही, पाच वेळा. मी थेंब घेतला. बाटली स्वच्छ राहिली.

संध्याकाळी जेवणाआधी ते माझ्याकडे आले. रुमालात करंगळी होती. मागच्या बाजूला गंजाचा तपकिरी थर. ते काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "अशीच नेलीत तर महिन्याभरात भुगा होईल. आत मीठ आहे."

"होल्ड धुतेस, तर ही धू की."

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मी बशीत ओतलं आणि तुकडा त्यात ठेवला. पंधरा मिनिटांनी त्या पाण्याचा थेंब घेऊन तपासला. दूध. पाणी बदललं. पुन्हा पंधरा मिनिटं. नोंग माझ्या पलंगाच्या कडेवर बसून होते, बशीकडे बघत. खाली जेवणाची घंटा झाली तरी उठले नाहीत. दुसऱ्या वेळी पाणी ताकासारखं झालं, तिसऱ्या वेळी धुक्यासारखं. चौथ्या वेळी बाटलीत काही आहे की नाही ते उजेडाकडे धरल्यावरच कळत होतं.

"अजून एकदा घेतलं की झालं," मी म्हणाले.

"पुरे."

"थोडं राहिलंय, नोंग."

"राहू दे गं. तिला मीठ जरा जास्तच लागायचं."

तुकडा वाळवून मी एका रिकाम्या नमुन्याच्या बाटलीत घातला, ओल शोषायची एक पुडीही आत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. त्यांनी ती बॉयलरसूटच्या आतल्या खिशात ठेवली, पिनेच्या जवळ.

इन्स्पेक्टर उंच होता, मान उन्हाने लाल झालेली. चार नंबरला आल्यावर त्याने चौकटीवर दिवा फिरवला आणि त्या जागेवर थांबला. एका रात्रीत उघड्या लोखंडावर नारिंगी छटा आली होती. त्याने छोट्या हातोडीने ठोकलं. टण्.

"इथे काय होतं?"

नोंग माझ्या मागेच उभे होते.

"खपली होती," मी म्हणाले. "काढली."

त्याने बोट फिरवून पाहिलं, पुढे गेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने सही केली.

गुरुवारी सकाळी शिडीपाशी सगळे जमले होते. नोंगनी फळी ओबेटच्या हातात दिली. "कॉफीचे कप ठेवायला घे. क्लँप स्टोअरमध्ये जमा कर, ते कंपनीचे आहेत."

"त्या जागी रंग लावायचा ना, नोंग?" मी विचारलं. "गहू उतरल्यावर?"

"लावायचाच. नाहीतर भोक पडेल." ते दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "पण ओला असेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

रविवारी त्यांचा निरोप आला. तीनच वाक्यं. बाटली तिच्या मातीपाशी ठेवली. पिन काढली. जेवायला सत्तर माणसं होती, भात कमी पडला.

महिन्याभराने गहू उतरवून आम्ही पुन्हा धुणं काढलं. नवा बोसन मिंदानाओचा, चांगला माणूस, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. चार नंबरमध्ये झोत डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्याकडे वळला आणि ओबेटने झडप बंद केली. पाणी थांबलं. त्याने वर पाहिलं. डेकवर कुणीही हात वर केलेला नव्हता. तिथे मी उभी होते.

"काय झालं?" नव्या बोसनने विचारलं. "पंप गेला?"

"नाही," मी म्हणाले.

फळी आवळायला लागायचा तेवढा वेळ आम्ही थांबलो. मग ओबेटने झडप उघडली आणि झोत त्या जागेवर सरळ जाऊन आदळला.