फुगा वर जातोय, मॅडम

पवित्राला सगळ्यात आधी किळस आली ती त्या जेलची. थंड, बुळबुळीत, न धुतलेल्या फणीसारखा वास असलेलं ते जेल क्लिनिकमधल्या टेक्निशियन प्रियदर्शनी मॅडम तिच्या केसांत जागोजागी सोडायच्या आणि ते कानामागं ओघळत यायचं. त्यावर तारांची घट्ट टोपी. टोपीच्या पट्ट्याला आधीच्या पेशंटच्या हनुवटीचा घाम तसाच असायचा. पवित्रा पट्टा तसाच ओढून घ्यायची. गेलं दीड वर्ष तिला स्वतःचीच इतकी घाण वाटत होती, की दुसऱ्याच्या घामाला नाक मुरडायचं कोणत्या तोंडानं?

त्याआधी ती शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होती. ओतून आलेला प्रत्येक तुकडा हातात फिरवून बघायचा, हवेचं छिद्र किंवा बारीक चीर दिसली की लाल खूण करून बाजूला ठेवायचा. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. मग काय बिनसलं ते तिचं तिलाही कळलं नाही. झोप उडाली, घास उतरेना, अंघोळीला जायचं म्हटलं तरी रडू फुटायचं. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. शेवटी नवरा शिवकुमार तिला राजारामपुरीत उदयसिंह डॉक्टरांकडं घेऊन आला.

डॉक्टरांनी फार गोड समजावलं होतं. "टोपी तुमच्या मेंदूच्या लहरी वाचते. त्या योग्य लयीत आल्या की समोर स्क्रीनवरचा फुगा चढतो. तो चढला की त्याच क्षणी ही कॉइल कपाळाच्या डाव्या बाजूला चुंबकाचे ठोके देते. मेंदूला कळतं, ही वाट बरोबर. निम्मी मेहनत मशीनची, निम्मी तुमची."

ती निम्मी मेहनत पवित्राच्या जिवावर आली. फुगा कधी डोंगरापार जायचा, कधी धपकन खाली. खाली आला की प्रियदर्शनी मॅडम म्हणायच्या, "आज तुम्ही मनावर घेत नाही बघा." एका मंगळवारी तो चारदा पडला. घरी येऊन पवित्रा स्वयंपाकघरात फरशीवर बसली ती उठेचना.

"काय झालं गं यव्वा?" सासू मल्लव्वा जवळ आली.

"अव्वा, मला बरं व्हायचंच न्हाय बहुतेक. मशीनला बी कळलंय."

क्लिनिकच्या बाकावर रोज पिराजी भेटायचे. गडमुडशिंगीचे, साठीतले, घरी सहा म्हशी. भाऊ गेल्यापासून त्यांनी घराबाहेर बोलणं टाकलेलं. बायको तानाबाई हाताला धरून आणायची. ती एकदा पवित्राला म्हणाली, "फुगा उठत न्हाय, म्हंजी तुम्हालाच बरं व्हायचं न्हाय, नाटक करताय, असं मॅडमनी सांगितलं की ह्यास्नी. तवापास्नं भाकरीला हात लावंनात. बरं व्हायचं नसंल तर खाऊन काय करू, म्हणत्यात."

बाराव्या दिवशी पवित्राच्या नजरेला काहीतरी खटकलं. फुगा दुसऱ्या डोंगरापाशी अडखळला, दोनदा डुलला, डावीकडून ढग आला आणि फुगा वर सुटला. परवा अगदी असंच झालं होतं. मग ती मनातल्या मनात आकडे मोजू लागली. अकराला अडखळणं, चाळीसला पडणं. तीन दिवस तिनं मोजलं. सगळे मिळून दोनच प्रकार होते, एक चांगल्या दिवसाचा, एक वाईट दिवसाचा.

चौथ्या दिवशी प्रियदर्शनी मॅडम पाठ करून मोबाइल बघत होत्या. पवित्रानं हात मागं नेला आणि टोपीची मुख्य तार हळूच उपसली.

फुगा चढतच होता. कॉइल कपाळावर टकटकत होती.

"छान!" मॅडम मान न वळवता पवित्राला म्हणाल्या. "फुगा वर जातोय, मॅडम. आज मन एकदम मस्त."

पवित्रा ती तार हातात घेऊन उभी राहिली. ते बघून मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो लहरी वाचायचा भाग तुम्ही यायच्या आधीपासनं बंद आहे," त्या पुटपुटल्या. "सर म्हणाले, रेकॉर्डिंग लावा. चुंबक खराच चालू असतो हो, शपथ."

"आणि फुगा पडायचा तो?"

"सारखाच वर गेला तर पेशंटला खरं वाटत नाही. म्हणून सरांनीच..."

तो मंगळवार, ती फरशी, आपलं रडणं, सगळं आठवून पवित्रा मॅडमवर ओरडली. आवाज ऐकून डॉक्टर आत आले. अंगाला अत्तराचा घमघमाट. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शांत व्हा. विश्वास हाही उपचारच असतो. आणि बघा, आज तुम्ही भांडताय. महिन्यापूर्वी भांडला असता का? फरक पडलाच ना?"

फरक पडला होता. कशानं ते तिला ठाऊक नव्हतं, पण पडला होता, आणि हा माणूस तोही आपल्या खात्यावर मांडत होता. तिनं खांद्यावरचा हात झटकला. मग केसांतलं जेल दोन्ही हातांनी निपटून काढलं आणि त्याच्या टेबलाच्या काचेवर फासलं.

बाहेर बाकावर ती पिराजींसमोर उकिडवी बसली. "मामा, फुगा खोटा हाय. डोकं वाचायचं मशीन बंद हाय. तुमच्या डोक्याचा त्यात काही दोष न्हाय."

"मुडदा बशिवला त्या डॉक्टरचा!" तानाबाई ओरडली.

पिराजींनी मान वर केली. मग त्यांचा चिरका आवाज आला, "म्हंजी मी नाटक करत न्हवतो?"

"न्हाय, मामा."

ते क्लिनिकच्या चकचकीत फरशीवर थुंकले आणि उठले.

पवित्रानं लेखी तक्रार केली. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. मशीन मात्र दुरुस्त झालं, क्लिनिकही चालू आहे. शिवकुमारनं तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुंबकाचा गुण पुष्कळांना येतो, सगळ्यांना नाही. त्याला लहरी वाचणं जोडून किती फायदा, ते अजून तपासताहेत. मला नक्की माहीत नाही." डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य पवित्रानं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं पुन्हा कॉइल लावून घेतली. दोन महिन्यांनी ती अर्धा दिवस कामावर जाऊ लागली.

तेव्हा ती शिवकुमारला घेऊन गडमुडशिंगीला गेली. पिराजी गोठ्यात खोऱ्यानं शेण ओढत होते. जेवत होते, पण अंग निम्मं झालं होतं, नजर गाळात रुतल्यासारखी.

"मामा, मी आता जाती त्या डॉक्टरीणबाई खरं बोलत्यात. चला की माझ्याबरोबर."

"पोरी, तू भली हाईस," ते खोऱ्यावरून नजर न काढता म्हणाले. "पर आता डोस्क्याला कुणाचा हात लागू देणार न्हाय."

तानाबाई रस्त्यापर्यंत पोचवायला आली आणि पदर तोंडात धरून उभी राहिली.

परतताना पवित्रानं गाडी थांबवायला सांगितलं. उतरून ती रस्त्याकडेला वाकली आणि भडाभडा ओकली.

"काय खाल्लंवतंस?" शिवकुमारनं पाण्याची बाटली पुढं केली.

"काही न्हाय. त्या अत्तरवाल्या डॉक्टरचं तोंड आठवलं." तिनं चूळ भरली. "पुढच्या रविवारी परत यायचं इकडं."