ताईकडून काढा

"रविवारी मला जायलाच हवं का रे?" ताईने विचारलं, तेव्हा तो आरशासमोर कॉलर नीट करत होता.

"तात्पुरतंच आहे, ताई. त्यांना बाळाकडे बघायला कुणी मिळेपर्यंत."

"बरं," ताई म्हणाली आणि पुन्हा त्याच्या मुलीच्या फ्रॉकला इस्त्री करू लागली.

धाकट्या भावाला मूल झालं होतं आणि भावजयीची रजा संपत आली होती. दोघा भावांनी फोनवर सगळं ठरवून टाकलं. ताईला विचारायचं राहून गेलं असं नाही, तिला विचारायची त्या घरात रीतच नव्हती.

तो हवाई तळावर जुन्या लढाऊ विमानांच्या सुट्या भागांचं खातं सांभाळायचा. विमानं वयाने जवळपास त्याच्याएवढीच होती. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. नवी विमानं येणार, येणार म्हणता म्हणता येत नव्हती, आणि तोवर ही म्हातारी मंडळी उडत राहायला हवी होती. एका पंपासाठी तीन देशांत फोन करायचे, रबरी कड्या कुठल्याशा गल्लीतल्या कारागिराकडून घडवून घ्यायच्या, कोणत्या तळावर कुणी काय दडवून ठेवलंय याचा वास काढायचा, हे त्याचं काम. कुणी काहीही मागितलं की आधी तोंडातून शब्द निघे, "मिळेल." त्यामुळे सगळा तळ त्याला मिळेलसाहेब म्हणायचा. तोंडावरसुद्धा.

त्या दिवशी घरच्या माणसांना तळ दाखवायचा होता. संध्याकाळी तीन विमानं उडणार होती. बायको आणि मुलगी प्रेक्षकांच्या स्टँडवर जाऊन बसल्या. ताईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनात, म्हणून त्याने तिला हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून दिली. तेवढ्यात फोरमन धावत आला.

"साहेब, तीन नंबरच्या पुढच्या चाकाला तडा गेलाय."

"स्टोअरमध्ये बघितलंस?"

"तिथे असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? ताईकडून काढू का?"

ताईने खुर्चीतून वर बघितलं. "काढा की. काय काढायचंय?"

फोरमनने जीभ चावली. "तुम्ही नाही हो... ती." त्याने हँगरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यात एक विमान उभं होतं. त्याच्या नाकाला टोक नव्हतं, काच नव्हती, आत खुर्ची नव्हती. इंजिनाच्या जागी नुसतं भगदाड होतं. पूर्वी कधीतरी मिळेलसाहेबानेच त्याचं बारसं केलं होतं, "ही आपली ताई. मागितलं की देते, नाही म्हणत नाही." सगळे हसले आणि नाव चिकटलं. त्याने ते कौतुकाने ठेवलं होतं, अगदी मनापासून. आज मात्र त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

ताई उठली आणि खुर्चीच्या पाठीला, मग भिंतीला धरत कोपऱ्यापर्यंत गेली. "म्हणजे ही मी होय?" तिला हसू आलं. "हिला झालं काय होतं?"

"काहीच नाही हो," फोरमन म्हणाला. चूक सावरायला तो जरा जास्तच बोलत सुटला. "ठणठणीत होती. इंधनाची एक छोटी झडप यायची होती, तेवढ्यासाठी थांबलेली. नुसती उभीच आहे म्हणून हिचा पंप दुसरीला लावला. तात्पुरता. मग रेडिओ गेला. मग एकेक करत..."

"आणि ती झडप आलीच नाही?"

"आली ना! पण तोवर हिच्यात राहिलं काय होतं? मग तीही दुसरीलाच लावली."

ताईने मान हलवली, ओळखीच्या घरातली बातमी ऐकावी तशी.

त्याला मात्र आपलं जुनं घर आठवलं. वडील गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली, आणि ताई घर मार्गी लागेपर्यंत थांबलेली. तेव्हा तिला एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. "ताई गेली तर घर कोण बघणार?" हे वाक्य त्याचंच. त्याची परीक्षा तोंडावर होती. मग पाहुण्यांना मधली बहीण दाखवली. मधलीचा संसार छान झाला. लग्नात सगळ्यात जास्त धावपळ ताईनेच केली होती.

"साहेब, काढू ना?"

"नको." आवाज नको तेवढा मोठा निघाला. "दोनच उडू देत."

फोरमन बघतच राहिला. मिळेलसाहेबांच्या तोंडून 'नको' त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

ताईने विमानाच्या पोटावर हात ठेवला. "काढा रे. तिकडे पोरं कधीची वाट बघतायत. हिला आता कुठे जायचंय?"

फोरमनने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली.

जॅक लावून विमान उचललं, चाक काढलं आणि लाकडी ठोकळ्यांवर त्याचं तोंड टेकवलं. थोड्या वेळाने तिन्ही विमानं उडाली. ताईने हँगरच्या दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

परतताना मागच्या सीटवर बायको आणि मुलगी झोपून गेल्या. ताई त्याच्या शेजारी होती. 'ताई, तू जाऊ नकोस,' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सकाळी काहीतरी मागितलं होतं, आणि जगाला मिळेल मिळेल म्हणणाऱ्या त्याला ते ऐकूही आलं नव्हतं. पण ती गेली नाही तर धाकट्याला काय सांगायचं? बाळाकडे कोण बघणार? सिग्नल लागला, सुटलासुद्धा.

"रविवारची गाडी सकाळची ना?" ताईनेच विचारलं.

"हो."

"मग बॅग शनिवारीच भरते."

सोमवारी हँगरमध्ये कुणाला तरी एक बिजागरी हवी होती. "कोपऱ्यातल्या विमानात बघ," फोरमन म्हणाला. ताई हा शब्द त्याने टाळला, आणि नंतर इतरांनीही टाळला. त्यांचा हा समजूतदारपणा त्याला जास्त लागला.

दुपारी त्याने धाकट्याला फोन केला. "ताई बरी आहे ना?"

"मजेत. आल्या आल्या बाळाने ताबाच घेतलाय तिचा."

"दे जरा तिला."

"झोपवतेय रे त्याला. का? ताईकडून काही हवं होतं का?"

समोर ठोकळ्यांवर तोंड टेकून ते विमान उभं होतं.

"नाही," तो म्हणाला. "काही नको होतं."

धाकट्याने तिकडे फोन ठेवला. त्याने मात्र कानाचा फोन बराच वेळ काढला नाही.