वनाची दहा मिनिटं

"हां भो, निंघनूच. दहा मिन्टमा येस," वना फोनवर म्हणाला, फोन खिशात टाकला आणि हिमाचलमधल्या त्या उभ्या चढावर पुन्हा काठी टेकली.

आमचा वाटाड्या टिकमराम जागीच थांबला. "भाईसाब, दस मिनट में कहाँ जा रहे हो?"

"जळगाव," मी म्हणालो. "तू चल बाबा."

वना कूलर दुरुस्त करतो. मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची टपरी आहे. आमच्याकडचा मे महिना बाहेरच्याला सांगून कळायचा नाही; नळ उघडला तर हात पोळतो. त्या दिवसांत अख्ख्या मेहरूणचा जीव वनाच्या हाती असतो आणि तो प्रत्येकाला एकच सांगतो, दहा मिनिटांत येतो. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, दहा मिनिटं म्हणजे संध्याकाळ, नाहीतर उद्या. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, म्हणून म्हणायचं झालं.

आता असा माणूस ऐन मे महिन्यात हिमालयात का कडमडला? तर तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या चौकडीत प्रेमराजनं ही टूम काढली. प्रेमराज विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालाय आणि गळ्यात शिट्टी अडकवून जगाला शिस्त लावत हिंडतो. केळीचा व्यापारी कौतिक लगेच तयार झाला. मी माझं वह्या-पेनांचं दुकान मुलावर टाकलं. वनाला तर आम्ही विचारलंही नव्हतं. तोच म्हणाला, "मीबी येस. एक डाव बरफले हात लावना शे. लोकेस्ना घरमा गारवा करता करता जलम गया, आसली गारवा काय ऱ्हास ते मी देखंच नही."

त्याच्या बायकोनं, बेबाबाईनं, घर डोक्यावर घेतलं. "कमाईना टाइमले बठ्ठं सोडीसन चालना हाऊ डोंगर चढाले!" पण गडी हटला नाही. फक्त गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर त्याचा सगळा सीझन बोंबलला असता.

म्हणून वाटेत जिथे रेंज येई तिथे फोन वाजे, वना "दहा मिन्टमा येस" म्हणे आणि आम्ही थांबलो की प्रेमराज वरून शिट्टी फुंके. देवदारांच्या त्या शांत जंगलाला एवढा वैताग आजवर कुणी दिला नसेल.

त्या वर्षी खालचा सगळा बर्फ वितळून गेला होता. उरला होता तो फक्त वर, खिंडीत. शेवटच्या चढाच्या सकाळी टिकमरामनं बजावलं, दुपारी ढग उतरतात, त्याच्या आत वर पोचून परत फिरायचं. एकदा ढग आले की मी कुणालाही वर नेणार नाही, तुमचे पैसे परत घ्या हवे तर. प्रेमराज आणि कौतिक टिकमरामच्या मेहुण्याबरोबर पुढे गेले. माझा गुडघा कुरकुरायला लागला होता, म्हणून मी रखडत होतो. वना मात्र तुरुतुरु चालला होता. खिंडीतली पांढरी पट्टी अगदी समोर दिसत होती, आता पोचलोच म्हणावं इतकी.

आणि एका मोठ्या खडकापाशी फोन वाजला.

"वना, कोठे शेस रे भाऊ?" मेहरूणच्या भिकुबाईचा आवाज. हातमोज्यांमुळे वनानं फोन स्पीकरवर टाकला होता. "तू दहा मिन्टमा येस म्हने, मी कालदिनपासून दार उघडं ठेईसन बठेल शे."

वनाचा चेहरा पडला. अख्ख्या मेहरूणमध्ये त्याची दहा मिनिटं खरी मानणारी ही एकच बाई निघाली. घरावर पत्रे, आणि नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं. आबा खाटेवरून हलत नाहीत.

"अक्का, दुसरा कोनले बलाई ले ना."

"कसाले? तू येस म्हने ना? पंखा फिरस, पन पानी चढस नही. आबा कालपासून जेवना नही रे."

"थांब, लावस फोन," असं म्हणून वनानं धंद्यातल्या दोघांना फोन लावले. एकाचा बंद होता. दुसरा हसला, म्हणाला सीझनमध्ये मरायलाही वेळ नाही.

"भाईसाब, बादल," टिकमरामनं वर बोट केलं. "अभी चलो. फिर नहीं."

वना चार पावलं चढला. फोनकडे बघितलं. रेंज गेली होती. तो तसाच उभा राहिला, खिंडीकडे बघत. मग शिवी हासडली, कुणाला ते त्यालाच ठाऊक, आणि रेंज होती तिथे, खाली खडकावर येऊन बसला. मीही बसलो. खरं सांगतो, माझ्या गुडघ्याला निमित्तच हवं होतं. वनानं भिकुबाईला पुन्हा फोन लावला.

"अक्का, मी सांगस तसं कर. मी गावमा नही शे. हिमालयमा शे."

भिकुबाई म्हणाली, "मंग तठली जराशी हवा धाडी दे इकडे."

"धाडस. पहिले प्लग काढ."

प्लग सापडेना. मग चष्मा सापडेना. चष्मा डोक्यावर निघाला. कूलरची मागची जाळी काढताना तिनं कूलरच्या आईचा उद्धार केला. पंप वर उचलला तर त्याच्या तोंडाशी क्षारांचा गच्च थर. "आकडा घाल अक्का, केसना. खरवड." मधेच ती आबांना पाणी पाजायला गेली आणि आम्ही तिघं हिमालयात फोनकडे बघत बसलो. टिकमरामला एव्हाना सगळं समजलं होतं. ती परत येऊन जाळी बसवायला लागली तेव्हा तोच ओरडला, "माताजी, प्लग बाद में!"

"हाऊ कोन?"

"आठला मिस्तरी शे," वना म्हणाला.

शेवटी बटण दाबलं. आधी घरघर, मग गवतावर पाणी ओघळल्याचा आवाज. वना डोळे मिटून ऐकत राहिला. भिकुबाई तिकडे आबांशी बोलत होती, फोन विसरून. वनानं हळूच फोन बंद केला.

वर बघितलं तर खिंड ढगात गेली होती. टिकमरामनं नकारार्थी मान हलवली.

दुपार कलल्यावर प्रेमराज आणि कौतिक खाली आले. प्रेमराज वरच्या बर्फाचं वर्णन करायला लागला, तेव्हा मी त्याची शिट्टी काढून घेतली. कौतिकनं पिशवीतून भाकरीबरोबर आणलेला ठेच्याचा डबा काढला, रिकामा करून त्यात बर्फ भरून आणला होता. "तुन्हासाठे आना शे भो. दाबी दाबी भरा शे."

वनानं झाकण उघडलं. आत पाणीच होतं, वर ठेच्याच्या तेलाचा तवंग, आणि कडेला नखाएवढा एक तुकडा. त्यानं हातमोजा काढून बोट लावेपर्यंत तोही गेला.

"गार शे," तो म्हणाला.

मग डबा तोंडाला लावून त्यानं ते सगळं पाणी पिऊन टाकलं. डोळे भरून आले होते. कौतिकनं घाईघाईनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाला, यंदा मिरचीच लय तिखट आहे. आम्ही सगळे हो म्हणालो.