म्हसवडचे पाच तारे

मी एक अभिप्राय बोलतोय. थांबा, उठून जाऊ नका. समारंभाच्या शेवटी पाहुणे माइक सोडत नाहीत, तो अभिप्राय मी नव्हे. मोबाइलवर काही विकत घ्यायला गेलात की वस्तूच्या फोटोखाली पिवळे तारे दिसतात ना, आणि ताऱ्यांखाली कुणीतरी नाव-गाव देऊन लिहिलेल्या चार ओळी? त्या चार ओळी म्हणजे मी. माझ्या कपाळावर पाचही तारे आहेत. आमच्यात चार वर्षं काढली की पोक्त समजतात, त्या हिशेबानं मी पन्नाशीच्या घरातला. थोडं फुगवून सांगायची खोड मला बापाकडून आली आहे, तेवढी सांभाळून घ्या.

माझे वडील म्हणजे म्हसवडचे भाऊसो. गावात त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, पीकविमा, पोरांची परीक्षा, सगळं तिथेच. हात कामात आणि तोंड गप्पांत. भाऊसोंच्या गप्पेत साप निघाला की पाच हातांचा निघतो, आणि चहा येईपर्यंत दहा हातांचा होतो.

दुकानातला जुना कीबोर्ड एकदा बंद पडला. भाऊसोंनी नवा मागवला. थोड्या दिवसांनी फोनवर निरोप आला, 'आपला अनुभव सांगा.' बाहेर टळटळीत दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, गप्पा ऐकायला चिटपाखरू नव्हतं. भाऊसोंनी फोनलाच सांगितलं :

'एक नंबर माल. वरनं शेळी चालत गेली, चहा सांडला, यात्रेत सिद्धनाथाच्या रथाचा धक्का बसला, तरी वस्तू टनाटन चालू हाय. डोळं झाकून घ्या. फक्त बटणं जरा कडक हायती, लांब बटण दाबलं की कुरकुरतंय.'

असा माझा जन्म झाला.

आता खरं सांगू? शेळी आली होती, पण दारातच थांबली, हुंगली आणि गेली. चहा सांडला तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. आणि रथ रस्त्यानं गेला, तेव्हा दुकानाचं शटर थरथरलं, म्हणजे धक्का बसलाच, असं भाऊसोंचं गणित. पण वस्तू चांगली होती, हे शंभर टक्के खरं. खऱ्याच्या हातावर भाऊसोंनी गोंदण काढलं, एवढंच.

आम्ही राहतो ती जागा तुम्ही पाहिली नसेल. तिथे ऊन नाही, सावली नाही. कासच्या पठारावर धुकं उतरलं की पायाजवळची फुलं तेवढी दिसतात आणि पलीकडे सगळं पांढरं होऊन जातं, तसं काहीसं. त्या पांढऱ्यात आम्ही एकाखाली एक तरंगत असतो. कुठल्यातरी गावात कुणाचं तरी बोट सरकतं, आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर हलतो, विहिरीतल्या शेवाळासारखे. ज्याच्या पडद्यावर उघडलो, त्याच्या खोलीत आम्हाला डोकावता येतं. मी बर्फातल्या छावणीतला जवान पाहिला, गावाकडची बोली वाचून गालातल्या गालात हसणारा. हॉस्टेलातली पोरगी पाहिली, जिनं मला मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

हसू आलं की लोक खालचं 'उपयुक्त' दाबतात. उपयोग झाला म्हणून दाबणारा मला अजून भेटायचाय. पण त्या अंगठ्यांच्या जोरावर मी वर वर सरकत गेलो आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलो. भाऊसो चहाच्या टपरीवर मला उघडून दाखवायचे. "बगा गड्या, किती लोकांनी अंगठा दिलाय! आमदाराला एवढी मतं पडत न्हाईत."

आणि मग एके दिवशी डोक्यावरचं आभाळच बदललं.

वर कीबोर्डचा फोटो होता, तो गेला. त्याच्या जागी आली एक काळी, चकचकीत, काडेपेटीएवढी हार्ड डिस्क. नाव नवं, वर्णन नवं. म्हणे हिच्यात सगळ्या जगाचे फोटो मावतील. मात्र खाली आम्ही सगळे तेच, कीबोर्डचे जुने अभिप्राय, जागच्या जागी. विक्रेत्यानं पान तेच ठेवलं आणि माल फिरवला. वऱ्हाड तेच, नवरदेव दुसरा! आणि वऱ्हाडाला तोंड फिरवायची सोय नाही.

मी एक अक्षर बदललो नाही, आणि खोटा झालो. वाचून बघा ना मला. शेळी, चहा, रथ, 'वस्तू टनाटन'. ही वस्तू म्हणजे कीबोर्ड, असं भाऊसोंनी कुठे लिहिलं होतं? बटणांचं वाक्य होतं, पण ते शेवटी. तीन ओळींनंतर आम्हाला झाकण लावतात, 'आणखी वाचा' म्हणून. डोळं झाकून घ्या, एवढ्यावर माझं दिसणं संपत होतं.

मग शेजारी नवी मंडळी उतरली. एकाच सकाळी थवाच्या थवा आला, सगळे पाच ताऱ्यांचे, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : 'खूप छान उत्पादन, वेळेवर मिळाले.' भाड्यानं आणलेला बँड जसा कुणाचंही लग्न असलं तरी तेच गाणं वाजवतो, तशी. अगदी तळाशी एका ताऱ्याचे. त्यातला एक नुसताच चिडका : 'डिलिव्हरीवाल्याला माझं घर सापडलं नाही.' यात डिस्कचा काय दोष? पण काही जण खरंच रडत होते. आणि मधे कुठेतरी कऱ्हाडचा एक तीन ताऱ्यांचा, शांत गृहस्थ : 'दोन महिने वापरून लिहितोय. आधी सगळं घेतलं. नंतर जुने फोटो उघडेनात. सांगतात तेवढी जागा आत नाही. जागा संपली की ही जुन्यावरच नवं लिहिते आणि वर काम झालं म्हणून सांगते.' त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो विनोदी नव्हता.

अशात मी मिरजेत एका घरी उघडलो.

पडद्यासमोर मुकुल होता. त्याच्यामागे भिंतीला टेकून तंबोरे उभे होते, काही तारा चढवलेले, काही नुसते भोपळे. मुकुलचे वडील, अण्णा, जन्मभर तंबोरे करत आले. तंबोरा घराबाहेर पडायच्या आधी त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, हा त्यांचा नेम. आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. "लेक सासरी गेली तरी हाक मारता आली पायजे," असं ते म्हणायचे. गेल्या आजारपणात त्यांचे कान गेले. आता ते स्पीकरवर तळवा ठेवून बसतात आणि थरथरीवरून सांगतात, हा बेळगावला गेलेला, हा त्या गाणाऱ्या बाईंचा. ते सगळे आवाज घरातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि तो आठवडाभर आतून टकटक करत होता, कुणीतरी दार वाजवावं तसा. दुसऱ्या कशावर उतरवून घेतले नाहीत, तर अण्णांच्या हाताखालची थरथर कायमची थांबणार होती.

"अगं, सापडली डिस्क," मुकुल बायकोला म्हणाला. "म्हसवडचा माणूस आहे बघ. 'टनाटन चालू हाय' म्हणतोय. बाकीच्यांची नुसती पोपटपंची. हा आपल्यातला आहे. आपला माणूस कशाला खोटं बोलेल?"

मयूरी मिरजेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. डबा भरता भरता म्हणाली, "आपला माणूस खोटं बोलत नाही? मग तुमच्या मावसभावानं गाडी विकली ती?"

"तो विषय वेगळा."

"गाडी पण वेगळीच निघाली."

मुकुलचं बोट 'खरेदी करा'वर जाऊन टेकणार, एवढ्यात मला ओरडावंसं वाटलं. पण अक्षरांना तोंड असतं कुठे? मी नुसता पडद्यावर पसरून राहिलो. तुम्हाला पटणार नाही, पण त्या क्षणी मी इतका जोर लावला, की माझे पाचही तारे लुकलुकले. वीज कमी-जास्त झाली, असं मुकुलला वाटलं. वाटू द्या.

मयूरी हात पुसत आली. "सरका. आमच्यात रिपोर्ट कितीही गोड असू दे, आधी बाटलीवर नाव कुणाचं ते बघतात. साखर उतरली म्हणून एकानं पेढे वाटले होते, आणि नमुना निघाला शेजारच्या कॉटवरच्या आजीचा." आणि तिनं माझं झाकण उघडलं. आणखी वाचा.

"बटणं कडक आहेत," ती वाचत म्हणाली. "लांब बटण कुरकुरतं. हार्ड डिस्कला लांब बटण कुठलं हो?"

"मागच्या बाजूला असेल एखादं."

"आणि तारीख बघा. अभिप्राय चार वर्षांपूर्वीचा, डिस्क म्हणे यंदाची. बारसं आधी आणि मूल नंतर!" ती खाली खाली जात राहिली, कऱ्हाडच्या गृहस्थापर्यंत. त्याला तिनं दोनदा वाचलं. "हे बघा, हा काय झालं ते सांगतोय. बाकी नुसतं छान-छान."

मुकुलला माझा मोह सुटेना. "त्यालाच विचार की मग. खाली प्रश्न विचारता येतो."

तिनं लिहिलं : 'म्हसवडच्या भाऊंना विचारते. ही डिस्क तुम्ही खरंच वापरता का? माझ्या सासऱ्यांचे जन्मभराचे आवाज हिच्यात ठेवायचे आहेत.'

तो प्रश्न धुक्यातून वाहत म्हसवडला पोचला. भाऊसो जेवायला बसले होते. "राहे, मिरजेस्नं विचारणा आलीया मला!" त्यांनी उष्ट्या हातानंच पान उघडलं आणि घास तसाच राहिला. "आगं, माझा कीबोर्ड कुठं गेला?"

भाऊसोंच्या कारभारीण राहीबाई जवळ येऊन बसल्या. भाऊसो आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खालची मंडळी वाचत होते. जतच्या एका मुलानं लिहिलं होतं : 'वरचा शेळीवाला अभिप्राय वाचून घेतली. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले.'

"म्या कुठं खोटं बोललो?" भाऊसो पुटपुटले. "माझा माल तर चांगला हुता."

"तुमी न्हाई बोलला. तुमच्या तोंडानं दुसरा बोलतूया," राहीबाई म्हणाल्या. "पुसा ते."

"एवढं अंगठं हायती गं..."

"त्या अंगठ्यांचं कालवण करायचंय व्हय?"

भाऊसोंनी हात धुतला आणि उत्तर लिहिलं. त्यांच्या हातून आलेलं इतकं कोरडं, बिनफोडणीचं वाक्य मी तोवर पाहिलं नव्हतं : 'ताई, घेऊ नका. म्या कीबोर्ड घेतला हुता. ह्यांनी फोटो बदललाय. शेळी बी नुसती दारात आली हुती.' मग त्यांनी विक्रेत्याची तक्रार केली. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. पानाला धक्का लागला नाही.

मुकुल सांगलीला जाऊन दुकानातून दुसरी डिस्क घेऊन आला. तिचे अभिप्राय मयूरीनं आधी धुंडाळले होते. पाच तारेवाले सोडून मधले वाचले, वर्षभर वापरून लिहिलेले वाचले, कोण कशाबद्दल चिडलंय ते वेगळं काढलं. तरी घरी आल्यावर तिचा भरवसा नव्हताच. आधी जुने सिनेमे कोंबून डिस्क गच्च भरली, सगळं परत काढून, उघडून बघितलं, आणि मगच म्हणाली, "हं. आता अण्णांचे आवाज द्या."

माझं पान अजून मागे उघडंच होतं, म्हणून मला ते ऐकायला मिळालं. एकेक तंबोरा उतरत होता. म्हातारा कॉम्प्युटर टकटक करत, धापा टाकत देत होता. अण्णा स्पीकरवर तळवा ठेवून डोळे मिटून बसले होते. खोली त्या आवाजात हळूहळू बुडाली. खर्ज आला की माझीही अक्षरं पाण्यावरच्या पानांसारखी खाली-वर व्हायची. कुठे म्हसवड, कुठे मिरज, मी कशाचा अभिप्राय, काही आठवेना.

"झालं सगळं?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं. मयूरीनं त्यांच्या दुसऱ्या हातावर थोपटलं.

आणि तिकडे म्हसवडला भाऊसोंनी मला काढून टाकायचं बटण दाबलं. एकदा टपरीवर नेऊन शेवटचं दाखवलं, आणि मगच दाबलं, बापच तो. 'अभिप्राय काढायला थोडा वेळ लागेल' असा निरोप आला आहे. त्या थोड्या वेळात मी तुमच्याशी बोलून घेतोय. कडेची अक्षरं फिकी व्हायला लागली आहेत. दुखत नाही. झोप लागताना बाहेरचे आवाज लांब जातात, तसं वाटतंय.

जाता जाता एकच मागणं. आम्हाला मोजू नका, वाचा, झाकणाखालचंही वाचा. आणि कधी स्वतः लिहायला बसलात, तर थोडे दिवस वापरून लिहा. गंमत करा, खुशाल करा, शेळीही घाला. पण वस्तूचं नाव घालून लिहा. म्हणजे तुमच्या लेकराला कुणी उचलून परक्या दारात नेऊन उभं केलं, तरी त्याला आपलं घर सांगता येईल.